आजोबांचे पत्र सापडले, आता घरात कसे सांगू?

वडील किंवा आई गेल्यानंतर घर आवरताना जुनी कागदपत्रे हाती लागतात आणि त्यांतले एखादे पत्र वाचणाऱ्याची झोप उडवते. मी समुपदेशक आहे आणि जमिनीचा उल्लेख असलेले असे पत्र घेऊन माझ्याकडे येणारी माणसे बऱ्याचदा एकच प्रश्न विचारतात. पत्र दाखवले तर घर फुटेल आणि दाबून ठेवले तर मन खाईल, अशा वेळी काय करावे? त्यांतल्या एका गृहस्थांची हकिकत त्यांच्या संमतीने येथे मांडत आहे. ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ पन्नाशीचे, पुण्यात नोकरी करणारे. मूळ गाव बार्शी तालुक्यात. वडिलांच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्यांना आजोबांनी 1974 साली लिहिलेले निळे आंतरदेशीय पत्र सापडले. ‘चिरंजीवास अनेक आशीर्वाद, विशेष’ अशी सुरुवात, मग बाजाराची हालहवाल. बार्शीच्या अडतीवर तुरीला मिळालेला भाव, नातवंडांसाठी बांधून ठेवलेली शेंगांची पिशवी, कुर्डुवाडीला उतरून छोट्या गाडीने येण्याची सूचना. त्यानंतर 1972 च्या दुष्काळाचा विषय होता. घरातली माणसे खडी फोडायला गेली, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या, विहिरीसाठी काढलेली तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, निम्म्यातच संपली. मग पुढची ओळ अशी: ‘आक्काने आपणहून पाटल्या दिल्या, म्हणून विहिरीस पाणी लागले. ओढ्याकाठचा दीड एकर तिच्या नावे करणे, हे माझ्या पश्चात तुझ्याकडून व्हावे.’

तसे झाले नव्हते. आजोबा 1981 मध्ये वारले. पुढच्या वर्षी आक्काने, म्हणजे या गृहस्थांच्या आत्याने, तलाठ्यापुढे ‘मला हिस्सा नको’ असा जबाब दिला आणि सातबाऱ्यावर फक्त वडिलांचे नाव चढले. आज ते शेत धाकटा भाऊ कसतो, त्याच विहिरीवर त्याची बाग उभी आहे आणि आत्या बार्शीत आपल्या विधवा मुलीसोबत राहतात. पत्नीचे म्हणणे, पत्र जाळून टाका. पत्र सापडल्यापासून यांना पहाटे तीनला जाग येत होती आणि धाकट्या भावाचा फोन उचलणे ते टाळू लागले होते.

अशा वेळी समुपदेशकाने न्यायाधीश होऊ नये, असे मला वाटते. आत्यांचा हक्क खरा की खोटा हे ठरवणे माझे काम नव्हते. काम होते ते एकात एक गुंतलेल्या गोष्टी सुट्या करण्याचे. मी त्यांना कागद दिला आणि पत्रात प्रत्यक्ष काय लिहिले आहे तेवढेच उतरवायला सांगितले. त्यांनी लिहिलेले दुसरेच वाक्य होते, ‘वडिलांनी बहिणीला फसवले.’ हे वाक्य पत्रात कुठेच नव्हते. पत्र पोचल्यावर वडिलांनी काय केले, बहिणीशी बोलले का, त्या काळी त्यांची ऐपत काय होती, यांतले काहीही त्या निळ्या कागदावरून कळत नाही. त्यांची झोप उडवणारी गोष्ट जमीन नव्हतीच. आयुष्यभर सचोटीचा मानलेला बाप तसा नसेल तर, ही ती भीती होती, आणि ती उघड बोलता येत नसल्यामुळे ते दीड एकराचा हिशेब मांडत बसत. हे लक्षात आल्यावर ते बराच वेळ रडले.

कायद्याच्या बाजूसाठी त्यांना वकिलाकडे जायला सांगितले, कारण अर्धवट माहितीने भीती दुप्पट होते. वकिलांनी सांगितलेल्या गोष्टी बहुतेक घरांत उपयोगी पडाव्यात. केवळ पत्राने जमीन कुणाच्या नावे होत नाही. मृत्युपत्राला दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि जमिनीच्या बक्षीसपत्राची नोंदणी व्हावी लागते. पण त्याचबरोबर, हिंदू वारसा कायद्याने 1956 पासून मुलीला वडिलांच्या मिळकतीत वारस धरले आहे आणि 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाच्या बरोबरीने जन्मतः हिस्सा दिला आहे. तलाठ्यापुढचा जबाब म्हणजे नोंदणीकृत हक्कसोडपत्र नव्हे आणि फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाची, नोंद महसुलाच्या कामापुरती असते, मालकी तिने ठरत नाही. याचा अर्थ पत्र जाळले तरी आत्यांचा प्रश्न जळत नव्हता. इतक्या वर्षांनंतर दावा चालेल का, मुदतीचे काय, हे त्यांनी वकिलांवर सोडले.

येथे थोडे विषयाला धरूनच, पण मोकळेपणाने सांगते. ‘मला हिस्सा नको’ हे वाक्य मी अनेक बायकांच्या तोंडून ऐकले आहे आणि त्यातला ‘मला’ दरवेळी त्यांचा असतोच असे नाही. भाऊबीजेला माहेरचे दार उघडे राहावे म्हणून दिलेली ती किंमत असते, आणि ती मागितली गेली हे घरातले पुरुष पुढे प्रामाणिकपणे विसरतात.

त्यांचा पुढचा प्रश्न होता, आधी कुणाला सांगावे. ते म्हणत होते, आत्यांना काही कळण्याआधी भावाशी बोलून ‘काहीतरी ठरवून’ घेतो. मी अर्धीच गोष्ट मान्य केली. भाऊ जमीन कसतो, त्याचे पोट त्यावर आहे, त्याला हे तिसऱ्याकडून कळणे वाईट, म्हणून त्याला आधी सांगावे. पण आत्यांच्या वाट्याचा निर्णय दोघा पुतण्यांनी परस्पर घेणे म्हणजे 1982 सालचीच पुनरावृत्ती झाली असती. म्हणून भावाला फक्त एवढेच सांगायचे ठरले की पत्र सापडले आहे, अमुक दिवशी आत्याकडे नेणार आहे, तूही चल. त्यासोबत तयार कागद, रक्कम, प्रस्ताव काहीही न्यायचे नाही.

भाऊ अपेक्षेप्रमाणे भडकला. “दादा, इतकी वर्षं ट्रंकेत होतं, आणि शेताला रस्ता लागायच्या वेळीच बरं सापडलं?” या वाक्याची तयारी आम्ही करून ठेवली होती. उत्तरात स्वतःची बाजू मांडायची नाही, एवढीच ती तयारी. ते म्हणाले, “तुझ्या जागी मी असतो तर मलाही हेच वाटलं असतं. चल, एकत्र वाचू.” दोन दिवसांनी भावाने स्वतःहून विचारले, किती वाजता निघायचे.

आत्यांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचले आणि ‘आपणहून’ या शब्दावर बोट ठेवले. “आपणहून कुठल्या! अण्णा, म्हणजे तुमचे आजोबा, मागायला आले होते. सासूबाईंना चोरून दिल्या, त्यापायी दोन वर्षं बोलणी खाल्ली.” तलाठ्याकडे नेताना ‘सही कर, पुढे बघू’ असे मोठ्या भावाने सांगितल्याचेही त्यांना नीट आठवत होते. दरवर्षी तो ज्वारीचे पोते आणि हरभरा पाठवी, मुलीच्या लग्नाचा निम्मा खर्चही त्यानेच केला, हेही त्याच दमात त्यांनी सांगितले. म्हणजे वडील फसवणारेही नव्हते आणि पत्राप्रमाणे वागणारेही नव्हते. मुलांनी बापाबद्दल एवढे ऐकून घेणे सोपे नसते, पण दोघांनी ते एकत्र ऐकले.

‘आता काय करायचं जमीन’ असे आत्या म्हणतील, अशी दोन्ही भावांची मनोमन अपेक्षा होती. त्या तसे म्हणाल्या नाहीत. मुलीच्या नावे काहीतरी असावे, ही त्यांची मागणी होती. भाऊ पैसे द्यायला तयार आहे, आत्यांना जमीनच हवी आहे आणि ओढ्याकाठचा तुकडा विहिरीला लागून असल्याने वाटणी करताना पाण्याच्या पाळीचा प्रश्न आहे. शेतजमिनीचे फार लहान तुकडे करू न देणाऱ्या तुकडेबंदीच्या नियमात वाटणी कशी बसवायची हेही पाहावे लागेल. सध्या वकील वाटणीपत्राचा मसुदा करत आहेत आणि मोजणीचा अर्ज दिला आहे. धाकट्या भावाची पत्नी अजून मोठ्या जावेशी बोलत नाही. गृहस्थांची झोप मात्र वाद मिटण्याआधीच बरीचशी सुधारली आहे आणि भावाचा फोन आला की ते आता उचलतात, अनेकदा भांडण्यासाठीच.