आईला मधुमेह निघालाय, पण ती बारीक आहे. मग जिवाला धोका कमी ना?

तुम्ही लिहिलंय की आईचं वय 58, वजन 47 किलो, आणि घरातले म्हणतात, 'एवढी बारीक आहे, तिला काय होणार?' हे वाक्य मी आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरात वर्षानुवर्षं ऐकलंय, म्हणून उत्तर देते. साफ खोटं आहे ते.

माझ्या सासूबाई सडपातळ, आणि मी पहिल्यापासून अंगानं भरलेली. मी भात वाढून घेतला की धाकटे भाऊजी म्हणणार, 'वहिनी, जरा आईकडे बघा.' आणि आईंच्या पानात स्वतः दुसऱ्यांदा श्रीखंड वाढणार. मग एका वर्षी आईंचे ब्लाउज सैल पडायला लागले. दुपारी गॅलरीत बसून त्या बाहीची शिवण उसवून आत घ्यायच्या. एकाच बाहीवर जुन्या टाक्यांच्या दोन-तीन रेघा दिसायच्या. पाटल्या कोपराकडे सरकायच्या. रात्री लघवीला उठणं वाढलं होतं. नात्यातल्या बायका मात्र 'तब्येत काय छान ठेवलीय' म्हणत होत्या. रक्त तपासून घेऊ म्हटलं, तर भाऊजी म्हणाले, 'ती जाड्या माणसांची दुखणी.' शेवटी पायाच्या बोटाची जखम भरेना तेव्हा तपासणी झाली. तोवर साखरेनंच त्यांना वाळवलं होतं.

पुढे काही वर्षांनी, नवरात्रात, जिना चढताना त्यांना धाप लागली. जबडा दुखत होता, मळमळत होतं, पण छातीत कळ नव्हती. दवाखान्यात ईसीजी न काढताच पित्ताची गोळी देऊन घरी पाठवलं. पहाटे त्या गेल्या. बाईचा हार्ट अटॅक बऱ्याचदा असाच येतो, आणि मधुमेह असला की छातीतली कळ आणखीच दबते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, दोघांचाही 22.3. अंगातली चरबी मात्र साहेबाची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. आपली चरबी पोटात, आतड्यांभोवती बसते, काट्यावर दिसत नाही. तेव्हा आईच्या कमरेला टेप लावा. आपल्याकडच्या बायकांसाठी मर्यादा 80 सेंटिमीटर आहे.

पाळी जाईपर्यंत बाईच्या हृदयाला निसर्गाचं जे संरक्षण असतं, ते मधुमेह काढून घेतो. 2014 मध्ये 64 अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर मधुमेहामुळे हृदयविकाराचा धोका जितक्या पटीनं वाढतो, तो पट पुरुषांपेक्षा बायकांत 44 टक्क्यांनी जास्त निघाला. बारीक बायकांना यातून सूट नाही. 2012 च्या एका अमेरिकी अभ्यासात तर मधुमेह निघाला तेव्हा वजन बेताचं असलेल्यांत मृत्यू जास्त दिसले.

हे वाचून कुणी वजन वाढवायला जाऊ नका. अमेरिकेतल्याच नर्सेस आणि पुरुष आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मोठ्या पाहणीत, कधीच सिगारेट न ओढलेल्या मधुमेहींत वजनाबरोबर मृत्यूचा धोकाही वाढतच गेला. म्हणून माझं वजनही मी उतरवलं, पण त्याचं श्रेय भाऊजींच्या टोमण्यांना देणार नाही.

मी डॉक्टर नाही. आईचं वजन आपोआप उतरलं असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगा, कारण काही बारीक मधुमेहींना गोळ्या पुरत नाहीत, इन्सुलिन लागतं. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल साखरेइतकंच सांभाळा. धाप, जबडादुखी, अचानक थकवा आला तर 'पित्त आहे' हे कुणाचंही ऐकू नका, ईसीजी काढल्याशिवाय दवाखान्यातून हलू नका.

भाऊजी आजही म्हणतात, आई बारीक होती म्हणून एवढी तरी जगली. त्या सत्तरीही न बघता गेल्या, भाऊजी. त्यांची स्वतःची आई नव्वदीपर्यंत हिंडत होती.