वर्ग हाती येण्याआधी मावशींजवळ बसा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. तीन वर्षं मदतनीस म्हणून काढली, आता जूनपासून एलकेजीचा वर्ग त्यांच्याकडे येतोय. २८ मुलं, सोबत मदतीला वयाने मोठ्या मावशी. निम्म्या मुलांच्या घरी मराठी, बाकीच्यांच्या कन्नड, दोघातिघांच्या उर्दू. संस्थेला दिवाळीपर्यंत वह्या भरलेल्या हव्यात. सुरुवात कुठून करू, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, मी बेळगावात वडगाव-शहापूरच्या विणकर वस्तीत १९ वर्षं बालवर्ग घेते. माझं उत्तर एकच: मावशींपासून सुरुवात करा. का, ते सांगते.

मी लग्न होऊन साताऱ्याहून इथे आले. कन्नडचा गंध नव्हता. पहिल्याच वर्षी वर्गात चार वर्षांचा एक मुलगा होता. गप्प असायचा, नजर खाली. एका सकाळी जवळ आला, माझा पदर धरला आणि म्हणाला, "ओंदक्क." ओंदु म्हणजे एक, एवढं मला कळत होतं. मला वाटलं, पोरगं आकडे म्हणतंय. मी कौतुकाने म्हटलं, "शाब्बास! पुढे?" त्याने पुन्हा तेच म्हटलं, जरा मोठ्याने. मी पुन्हा शाब्बासकी दिली. मग तो रडायला लागला आणि चड्डी ओली झाली. आमच्या मावशी धावत आल्या, त्याला उचलून नेलं आणि परत आल्यावर हळूच म्हणाल्या, "बाई, त्याला शूला जायचं होतं. आमच्यात तसंच म्हणतात." त्या मुलाने महिन्याभरात पहिल्यांदा तोंड उघडलं होतं, तेही माझ्याकडे गरज सांगायला. त्यानंतर तो पुन्हा माझ्याशी बोलायला दसरा उजाडला.

वर्गाची मुख्य बाई म्हटलं की फळ्यासमोर उभं राहून शिकवणारी, असं डोळ्यासमोर येतं. या वयात दिवस नीट चालवणं हेच खरं काम. कोण कुठे उभं, रडणाऱ्याला कोण घेणार, दाराशी कोण, मोरीपाशी कोण. हे ठरलेलं नसेल तर गाणी-गोष्टी कितीही येऊ देत, अकरा वाजेपर्यंत वर्ग हातातून जातो. २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात ३ ते ६ वर्षांच्या २० मुलांमागे एक मोठं माणूस धरलंय. तुमच्याकडे २८ मुलांमागे दोघी आहात. म्हणजे मावशी वर्गाबाहेर चहा करत बसल्या तर तुम्ही एकट्या पडलात.

शाळा सुरू व्हायच्या आठवडाभर आधी त्यांच्याजवळ तासभर बसा. कुठलं मूल कोणाच्या घरचं, कोणाची आई शेतावर जाते, कोणाला आजी सोडते, हे सगळं त्यांना माहीत असतं. त्यांना मुलांसमोर कधी टोकू नका. काही खटकलं तर मुलं गेल्यावर सांगा. आणि शी-शू, हात धुणं, डबा ही कामं तेवढी त्यांची, शिकवणं तेवढं आपलं, अशी वाटणी करू नका. डबा उघडताना मूल जितकं बोलतं तितकं गोलात बसून बोलत नाही. आठवड्यातून दोन दिवस डब्याला तुम्ही बसा आणि गोष्ट मावशींना सांगू द्या, त्यांच्या कन्नडमध्ये.

पहिला पंधरवडा रडारडीचाच. सगळी नवी मुलं एकाच दिवशी बोलावू नका. निम्मी सोमवारी, निम्मी गुरुवारी. आईला वा आजीला दोन-तीन दिवस वर्गात बसू द्या. फक्त कोणी नजर चुकवून पळू नये, मुलाला सांगूनच जावं, रडलं तरी. सांगून गेलेली आई परत येते हे मुलाला चार दिवसांत कळतं. चुकवून गेलेल्या आईचा धसका महिनाभर राहतो.

तुमच्याकडे पाऊस आमच्यापेक्षाही जास्त. रोप लावणीच्या दिवसांत पोरं उशिरा येतील, भिजून येतील. दोरी, पंचे, जादा चड्ड्या आधीच ठेवा. बाहेर सोडता येत नाही म्हणून बसवून ठेवू नका. व्हरांड्यात खडूच्या रेघा आखून उड्या मारू द्या. सोडायला आलेल्या आज्यांना गोष्टीला बसवा, त्या आनंदाने बसतात.

आता वह्या. इथे मी ठाम आहे. चार वर्षांच्या बोटांत अजून पेन्सिल पेलायचं बळ नसतं. शेंगा सोलणं, कणकेचे गोळे, चिंचोके उचलणं, कागद फाडणं, मणी ओवणं यातूनच ते येतं. संस्थेला सांगताना आपलं मत म्हणून सांगू नका. २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा खेळातून शिकण्यावर उभा आहे आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय. ती पानं छापून घेऊन जा. पालकांना इंग्रजी हवं असतं, त्यांचंही चुकत नाही, पुढची शाळा त्यांना दिसत असते. इंग्रजी गाणी घ्या, वस्तूंची नावं घ्या. कानाला तीन भाषा चालतात, पण देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्या एकदम हातावर लादू नका. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा मुलं बालवाडीत येईनात म्हणून बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. मुलाच्या अंगणात जायचं म्हणजे त्याच्या भाषेतही जायचं, असं मी त्यातून घेते.

रोज तीन मुलांबद्दल एकेक ओळ लिहा: काय केलं, काय बोललं. दहा दिवसांत २८ मुलांची एक फेरी होते. पालकसभेत वहीची पानं मागणाऱ्या बापाला त्याच्या लेकीने डब्यातली चपाती कोणाला दिली ते वाचून दाखवा, तो ऐकत राहतो.

कामाचे तास आणि पगार लेखी घ्या, लाजू नका.

आणि मावशींकडून उच्चारांसकट एवढे शब्द घोकून घ्या: ओंदक्क, एरडक्क, नीर, ऊटा, नोवु, अव्व. शू, शी, पाणी, जेवण, दुखतंय, आई. उर्दू बोलणाऱ्या घरांतून त्यांचे शब्द विचारून घ्या. कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, तुम्ही रजेवर असाल त्या दिवशी येणाऱ्या बाईलाही दिसतील असे.