स्ट्रिंग ‘पालथी’ की ‘उफराटी’?

रत्नागिरीहून एका शिक्षिकेने विचारलंय: वेब प्रोग्रॅमिंगच्या मराठी टिपणांत ‘स्ट्रिंग रिव्हर्स करणे’ (म्हणजे चिन्हांची माळ शेवटाकडून सुरुवातीकडे मांडणे) याला काय लिहावं? ‘उलटी करणे’, ‘पालथी घालणे’ की ‘विलोम’?

‘उलटी करणे’ वाचलं की आधी ओकणंच आठवतं, म्हणून ते बाद. ‘पालथी’ही नको. पावसाळ्याआधी किनाऱ्यावर ओढून पालथी घातलेली होडी आठवा. तळ वर येतो, पण समुद्राकडे असलेली नाळ (होडीचं पुढचं टोक) समुद्राकडेच राहते. क्रम बदलतच नाही, आणि इथे तर क्रमच बदलायचाय. ‘विलोम’ बरोबर आहे, पण त्याचं सुटसुटीत क्रियापद होत नाही.

मी क्रियापद ‘उलटवणे’ घेईन आणि जे हाती येतं तिला ‘उफराटी स्ट्रिंग’ म्हणेन. हाच शब्द ‘उरफाटा’ असाही बोलला जातो. फ आणि र यांनी जागा बदलल्या, म्हणजे वर्णविपर्यय झाला. उलटापालट सांगणारा शब्द स्वतःच उलटापालट झालेला! असा शब्द हाताशी असताना दुसरा का शोधायचा?

पण टिपणांत खरी अडचण पुढे येईल: उलटवायचं काय? ‘मालवण’ घ्या. आपल्या कानाला चार अक्षरं, युनिकोडला, म्हणजे संगणकावर प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकाला, पाच चिन्हं (काना वेगळा), आणि ती साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत पंधरा बाइट, म्हणजे साठवणीचे पंधरा तुकडे. पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं ‘स्ट्ररेव्ह’ हे फंक्शन बाइट उलटवतं, त्यामुळे वाचण्याजोगं काहीच उरत नाही. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेत स्प्लिट, रिव्हर्स, जॉइन केलंत (चिन्हं सुटी करून, उलटवून पुन्हा जोडलीत) तर ‘णवलाम’ मिळतं. मचा काना लला लागला! आपल्याला हवं होतं ‘णवलमा’. ‘रत्नागिरी’ची सुरुवात तर सुट्या वेलांटीने होते आणि त्न चा न्त होतो.

मराठी माणूस अक्षरानेच मोजतो, याचा पुरावा ‘रामाला भाला मारा’. रा-मा-ला-भा-ला-मा-रा, दोन्हीकडून सारखंच. चिन्हं उलटवलीत तर पहिलाच काना लोंबकळतो.

जावास्क्रिप्टचा ‘इंटल सेगमेंटर’, म्हणजे मजकुराचे तुकडे पाडणारं साधन, काना-वेलांटी अक्षराला धरून ठेवतो. जोडाक्षर न तोडण्याचा नियम मात्र युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, २०२३ साली आला. त्याआधीच्या नियमाने त् आणि ना सुटे होतात आणि ‘रीगित्नार’ऐवजी ‘रीगिनात्र’ येतं.

म्हणून टिपणांत नुसतं ‘स्ट्रिंग उलटवणे’ लिहू नका. पीएचपीच्या धड्यात ‘बाइट उलटवणे’, स्प्लिटच्या धड्यात ‘चिन्हं उलटवणे’ आणि सेगमेंटरच्या धड्यात ‘अक्षरं उलटवणे’ असं लिहा.