कंपनीच्या गावात मदतीचे जाळे पुन्हा कसे विणले गेले

प्रश्न : ज्या गावात घर, दुकान, पाणी, वाहतूक आणि पोलीससुद्धा एकाच कंपनीच्या मुठीत असतात, तिथे कामगारांनी गुपचूप उभारलेली परस्पर मदतीची व्यवस्था एकदा मोडून पडली, तर ती पुन्हा उभी कशी राहते? प्रत्यक्ष घडलेले उदाहरण घेऊन सांगावे. (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : या प्रश्नासाठी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील अलिक्विपा या गावाइतके बोलके उदाहरण मला दुसरे सुचत नाही. पिट्सबर्गपासून जवळच, ओहायो नदीच्या काठी जोन्स अँड लॉफलिन या पोलाद कंपनीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कारखाना घातला आणि त्याच्याभोवती गाव वसवले. घरे बांधणारी जमीन कंपनी, पाणीपुरवठा, ट्राम आणि गावातले मोठे दुकान ही सारी त्याच घराण्याची अपत्ये होती. वस्त्यांना ‘प्लॅन’ म्हणत व त्यांना नुसते क्रमांक असत. कोणत्या क्रमांकात कोणी राहायचे हे माणसाचा वंश आणि मायदेश पाहून ठरत असे, त्यामुळे सर्ब, इटालियन आणि कृष्णवर्णीय कामगार एकाच भट्टीपुढे राबले तरी संध्याकाळी वेगवेगळ्या टेकड्यांवर परतत. लोक एकमेकांना ओळखणारच नाहीत अशी सोय आधी झाली की पहारा स्वस्तात होतो.

अशा गावात मदतीचा खरा आधार होता तो स्थलांतरितांच्या बंधुसंघांचा. क्रोट लोकांचा असा संघ 1894 मध्ये पिट्सबर्ग परिसरातच स्थापन झाला होता. सभासदाने ठरलेली वर्गणी भरायची आणि आजारपणात भत्ता, मृत्यूनंतर कुटुंबाला रक्कम मिळवायची, एवढाच त्याचा साधा व्यवहार होता. आपल्या गिरणगावातल्या गावमंडळांशी परिचय असलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. या संघांवर बंदी घालणे कंपनीला जड होते, कारण कारखान्यात जायबंदी झालेल्या माणसाचा जो भार तिने उचलायचा तो हेच लोक उचलत होते. म्हणून कामगार चळवळीची बोलणीही याच वर्तुळांत, मातृभाषेत होत असत.

1926 च्या नोव्हेंबरमध्ये त्यावर घाव पडला. गावाचे नाव तेव्हा वुडलॉन होते. पोलिसांनी धाडी घातल्या, डाव्या विचारांची पत्रके आणि पुस्तके जप्त केली, आणि राज्याच्या राजद्रोहविषयक कायद्याखाली पीट म्युसेलिन, मिलान रेसेतार आणि टॉम झिमा यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. रेसेतार तुरुंगातच वारले. पुस्तक बाळगल्याबद्दल माणूस जिवाला मुकतो हे एकदा गावाने पाहिल्यावर शेजाऱ्याशी बोलतानाही लोक शब्द तोलू लागले, तर त्यात नवल नाही. या गावाला ‘छोटा सैबेरिया’ हे नाव पडले ते उगीच नव्हे.

पुनर्बांधणी सुरू झाली ती 1934 मध्ये, आणि तीही गावाबाहेरून. कामगारांनी ‘बीव्हर व्हॅली लॉज क्रमांक 200’ ही पोलाद कामगारांच्या संघटनेची शाखा काढली, परंतु अलिक्विपात सभेला जागा मिळेना, म्हणून बैठका नदीपलीकडच्या अँब्रिज गावात भरत. त्याच वर्षी जॉर्ज इसोस्की हा कामगार सभासद नोंदवताना पकडला गेला आणि त्याची रवानगी चक्क मनोरुग्णालयात झाली. राज्यपाल गिफर्ड पिंचॉट यांनी चौकशी लावली, तेव्हा कुठे तो सुटला. पुढे राज्यपालांच्या पत्नी कॉर्नेलिया पिंचॉट यांनी राज्य पोलिसांच्या बंदोबस्तात अलिक्विपातच जाहीर भाषण केले. माझ्या मते संघटनेची सगळी पत्रके एका पारड्यात आणि इसोस्कीची सुटका दुसऱ्या पारड्यात घातली, तर दुसरे पारडे जड ठरेल. भेदरलेला माणूस संघटनेत येण्यापूर्वी एकच गोष्ट ताडून पाहतो, ती म्हणजे आपल्याला उचलून नेले तर मागे कोण धावेल. त्याचे उत्तर शब्दांत देता येत नाही.

प्रश्न : पण खबरे तर संघटनेत शिरलेले असणारच. मग गुप्तता पाळायची की मोकळेपणाने वागायचे? (तोच वाचक)

उत्तर : खबरे होतेच. अमेरिकी सिनेटच्या ला फॉलेट समितीने 1936 पासून जी चौकशी केली, तिच्यात खासगी हेरसंस्थांची माणसे संघटनांमध्ये पदाधिकारी म्हणूनही वावरत असल्याचे उघड झाले. पिट्सबर्गच्या एका हेरसंस्थेने फाडून टाकलेले कागद समितीच्या लोकांनी केराच्या टोपलीतून काढून जोडले, ही हकिकत तर वाचण्यासारखीच आहे. तात्पर्य, केवळ तोंड बंद ठेवून जाळे टिकत नव्हते. नावांची यादी लपवावी, पैशाचा हिशेब मात्र उघडा ठेवावा, हाच मार्ग इथे उपयोगी होता, कारण खबऱ्याला विकता येईल अशी गोष्ट नाव आहे. वर्गणीचा जमाखर्च त्याला विकता येत नाही आणि सभासदाचा भरवसा मात्र त्यावरच बसतो.

कामगारांना संघटना करण्याचा हक्क देणाऱ्या 1935 च्या वॅग्नर कायद्याने हा तोल बदलला. कंपनीने शाखेतल्या कार्यकर्त्यांना क्षुल्लक निमित्ते काढून कामावरून काढले होते, त्यांपैकी दहा जणांना मागील वेतनासह परत घ्यावे असा आदेश राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने 1936 मध्ये दिला, आणि 12 एप्रिल 1937 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरला. महिनाभरातच, 12 मे रोजी, संप झाला आणि तो दोन दिवसही चालला नाही. नंतर घेतलेल्या गुप्त मतदानात संघटनेच्या बाजूने 17,028 आणि विरोधात 7,207 मते पडली.

प्रश्न : म्हणजे सर्वांचाच विश्वास बसला? (एक वाचक, कराड)

उत्तर : नाही. 1919 च्या पोलाद संपात कृष्णवर्णीय कामगारांना संपफोडे म्हणून आणले गेले होते, आणि त्याआधी कित्येक संघटनांनी त्यांना दारातही उभे केले नव्हते, तेव्हा त्यांनी सावध राहणे रास्त होते. बेन केअरथर्स यांच्यासारख्या कृष्णवर्णीय संघटकांनी दारोदार फिरून त्यांना सभासद केले, तरी बढतीची चांगली कामे गोऱ्यांच्या वाट्याला आणि कोक भट्टीजवळची घातक कामे यांच्या वाट्याला, ही वाटणी संघटनेच्या काळातही चालूच राहिली. पोलाद उद्योगातल्या नऊ कंपन्यांना आणि खुद्द संघटनेला ती बदलण्याचे बंधन न्यायालयामार्फत झालेल्या समझोत्याने घातले, ते 1974 मध्ये.