आईने कधी विडी-सिगारेट ओढली नाही, तरी एक्स-रेत डाग. टीबी की फुफ्फुसाचा कॅन्सर?

दोन महिन्यांचा खोकला, एक्स-रेत डाग आणि थुंकी न तपासताच सुरू झालेल्या टीबीच्या गोळ्या, असं तुम्ही आईंबद्दल लिहिलंय. मी डॉक्टर नाही. पण गोव्यात डिचोलीला माझ्या मावशीचं नेमकं असंच झालं, म्हणून लिहिते.

मावशीने तंबाखूला कधी हात लावला नाही. चुलीपुढे मात्र ३० वर्षं बसली, आणि लाकडाचा धूरही फुफ्फुसाच्या कॅन्सरला कारण ठरू शकतो. एका दवाखान्यात एक्स-रे बघून टीबीचं औषध दिलं. ४ महिने गेले. खोकला तसाच, वजन उतरलं, आवाज घोगरा झाला, खांदा दुखू लागला. आम्ही ते वयावर ढकललं. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा कुठे बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) नेलं.

एक्स-रेत टीबी आणि कॅन्सर सारखेच दिसू शकतात. सिटी स्कॅन गाठीची जागा आणि आकार दाखवतो, पण ती कसली हे बायोप्सीच, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणीच, सांगते. गाठ श्वासनलिकेजवळ असली तर दुर्बीण घालून तुकडा काढतात, कडेला असली तर बाहेरून सुईने. छातीत पाणी झालं असेल तर तेही तपासतात. कॅन्सर निघाला तर किती पसरलाय हे बघायला पेट स्कॅन.

त्यात 'कॅन्सर आहे' एवढ्यावर थांबू नका, प्रकार विचारा. फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मुख्य प्रकार दोन. स्मॉल सेल साधारण १५ टक्के, बहुतेक धूम्रपान करणाऱ्यांत, आणि झपाट्याने पसरणारा. उरलेला नॉन-स्मॉल सेल. त्यातला ॲडेनोकार्सिनोमा धूम्रपान न करणाऱ्यांत जास्त दिसतो. मावशीचा हाच होता. मग त्याच तुकड्यावर ईजीएफआर, एएलके अशा जनुकांची तपासणी झाली, ईजीएफआरमध्ये बदल सापडला आणि केमोऐवजी रोज एक गोळी सुरू झाली. ती तपासणी झाली नसती तर हा मार्ग आम्हाला कळलाच नसता.

आईंना टीबीच असण्याचीही बरीच शक्यता आहे, तेव्हा गोळ्या मनाने बंद करू नका. आधी थुंकीची सीबीनॅट चाचणी मागा, ती थुंकीत टीबीचे जंतू आहेत का ते शोधते. त्यात टीबी निघाला नाही, किंवा औषध घेऊनही डाग कमी होत नसेल, तर छातीच्या डॉक्टरांना सिटी स्कॅन आणि बायोप्सीबद्दल स्पष्ट विचारा. थुंकीत रक्त आलं तर त्याच दिवशी जा. घरात जुने एक्स-रे असतील तर सोबत न्या, डाग नवा की जुना ते त्यावरून कळतं.