युद्ध न पाहिलेला फौजी २४ वर्षं करतो काय, आणि घरी आल्यावरही पळतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. लढाई न करता निवृत्त झालेल्या सैनिकाची नोकरी नेमकी काय असते, आणि पेन्शनवर आलेले फौजी पहाटे उठून पळतात ते का. मी बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे सैन्यातल्या इंजिनिअर तुकडीचा. सुरुंग आणि पूल ही आमची कामं. २००० साली खडकीला भरती झालो आणि २०२४ ला हवालदार म्हणून घरी आलो. मी आत गेलो तेव्हा कारगिल संपलं होतं. पुढच्या २४ वर्षांत पूर्ण युद्ध असं मी पाहिलं नाही. तुमचे दोन्ही प्रश्न माझ्यासाठी एकाच ठिकाणी येऊन मिळतात, ते ठिकाण म्हणजे राजस्थानची वाळू.

१३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रम सुरू झालं. मी युनिटमध्ये नवाच होतो. स्पेशल गाडीत सामान चढवलं आणि बाडमेरच्या बाजूला जाऊन उतरलो. सॅपरचं काम सुरुंग पेरायचं. रात्र-रात्र आम्ही तेच केलं. दहा महिने फौज सीमेवर उभी राहिली, युद्ध झालं नाही, आणि मग पेरलेलं सगळं काढायचं काम आलं. पेरण्यापेक्षा काढणं अवघड, कारण वाळू एका जागी राहत नाही. नकाशावर सुरुंग एकीकडे असतो, वारा त्याच्यावर हातभर वाळू चढवतो किंवा खालची वाळू काढून त्याला सरकवतो. गुडघ्यावर बसून लोखंडी सळई तिरकी घालत, बोटभर पुढे, परत सळई. माझ्याबरोबरच्या एका मुलाचा पाय घोट्यापासून गेला. २१ वर्षांचा होता तो. शांततेच्या काळातली नोकरी म्हणजे आरामाची, असं कुणी म्हणालं की मला आधी तो आठवतो.

त्याच कॅम्पात मला पळण्याचं वेड लागलं. त्याआधी पळायचो, पण मार्कांसाठी. आमच्या भरतीत पळण्याची वेळ चांगली आली की जास्त मार्क मिळायचे. पुढे ट्रेनिंग सेंटरला उस्ताद, म्हणजे शिकवणारे, मागे असायचे म्हणून पळायचो. राजस्थानात साफ केलेली जागा होती जेमतेम सहाशे पावलांची, दोन्ही बाजूंना पांढरी पट्टी ठोकलेली. सुभेदार साहेबांकडे परवानगी मागितली तर म्हणाले, "पट्टीच्या बाहेर पाय टाकायचा नाही. आत पाहिजे तेवढं पळ." रोज संध्याकाळी मी त्या पट्ट्यांमध्ये जायचो आणि यायचो. दिवसभर प्रत्येक पाऊल जपून टाकायचं, एका पावलावर जीव टांगलेला. तिथे मात्र विचार न करता पाय टाकता यायचा. पहिल्या दिवशी परत वळताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

नंतर बरीच वर्षं पीसमध्ये गेली. फौजेत जागा मुख्यतः दोन प्रकारच्या, 'पीस' म्हणजे शांततेतली छावणी आणि 'फिल्ड' म्हणजे सीमेवरची किंवा धोक्याची. पीसमधली सकाळ पीटीच्या शिट्टीने सुरू होते. आमच्या वेळी वर्षातून ठरावीक वेळा बीपीईटी ही दमाची परीक्षा व्हायची, त्यात पिट्ठू (पाठीवरची पिशवी) आणि रायफल घेऊन पाच किलोमीटर पळायचं. तिशीच्या आतल्या जवानाला 'एक्सलंट' हवं असेल तर २५ मिनिटांत. हे ज्याने केलंय त्याला विचारा काय दुखतं. पाय नंतर दुखतात, आधी गळ्याजवळच्या हाडावरची कातडी सोलते. रायफलचा पट्टा तिथे घासत राहतो आणि पाण्याची बाटली प्रत्येक पावलाला कमरेवर आपटते. जुने जवान बाटलीला दोरीचा एक फेरा घालून ती आवळतात. मला हे एका नाईकाने शिकवलं, मी पुढे कितीतरी पोरांना शिकवलं. पीसमधलं शिक्षण बरंचसं असंच हातातून हातात जातं.

पीटीनंतर पूल. बेली म्हणजे सुटे भाग जोडून उभा करायचा लोखंडी पूल. त्याचे पॅनेल उचलायचे, पिना ठोकायच्या, पूल उभा करायचा, साहेबांनी घड्याळ पाहायचं, आणि दुपारी तोच पूल खोलून तेल लावून परत ठेवायचा. वर्षानुवर्षं. तरुणपणी मला प्रश्न पडायचा की हे कशासाठी. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्यानंतर तिथला नवा पादचारी पूल सैन्याने उभा केला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. मी त्या कामावर नव्हतो, माझ्या ओळखीचे होते. त्यांचे फोन यायचे तेव्हा आवाजातला अभिमान लपत नव्हता.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरच्या महापुरात मी स्वतः होतो. सांगलीच्या गल्ल्यांत होडीचं इंजिन चालेना. पंख्यात साड्या, दोऱ्या, वायरी अडकायच्या. मग इंजिन वर उचललं आणि छातीभर पाण्यात दोर खांद्यावर घेऊन होडी ओढली, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. दमसास कुठे कामाला येतो ते त्या दिवशी कळलं. होडीतल्या एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "कुठल्या गावचा रं बाळा?" म्हटलं, "खटावचा, मावशी." ती म्हणाली, "मग आपलाच की," आणि मांडीवरच्या पिशवीतली भाकरी काढून माझ्यापुढे धरली. दोन दिवस छतावर बसून तिने ती जपून ठेवली होती. मी ती घेतली नाही, तर ती रागावली.

तर मी २४ वर्षं हे केलं. वेळ येईल म्हणून तयार राहिलो. ज्यासाठी तयारी केली ते युद्ध आलं नाही, याचा मला आनंद आहे. इतर वेळा मात्र आल्या.

पेन्शनवर आल्यावर पहिले दोन-तीन महिने फार वाईट गेले. साडेचारला डोळे उघडायचे आणि शिट्टी नाही, फॉलइन नाही, कुणी नाव घेऊन हाक मारत नाही. बायको झोपलेली, गाव झोपलेलं. एक दिवस उठून बूट घातले आणि माळाच्या रस्त्याने निघालो. त्या दिवसापासून खाडा नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर एवढंच. आता वर्षातून एकदा साताऱ्याची हिल मॅरेथॉनही करतो. यवतेश्वरचा घाट चढताना पावलं आखूड टाकायची आणि नजर चार हातांवर ठेवायची, वर बघायचं नाही.

गावात हवालदारालाही मेजरच म्हणतात. भरतीची तयारी करणारी पोरं, "मेजर, आम्हाला पळवा," म्हणून येतात. ही पोरं आता अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी जाणार, त्यातली २५ टक्केच पुढे राहणार. त्यांची मला काळजी वाटते. त्यांना मी बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं सांगतो. महार रेजिमेंटचा शिपाई, सियाचीन आणि राजस्थान करून आलेला, शर्यतीत पळायला लागला तो फौजेत गेल्यावर. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत बर्मिंगहॅमला त्याने ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, ८ मिनिटं ११.२० सेकंदांत पळून केनियाच्या धावपटूंमध्ये घुसून रौप्य काढलं.

सोळाशेत पोरांची एकच चूक असते. पहिली फेरी जीव तोडून ७० सेकंदांत मारतात आणि तिसरीत पाय शिशाचे होतात. मी चारही फेऱ्या ८०-८२ सेकंदांत ठेवायला लावतो, आणि आठवड्यातून दोन दिवस डांबरी सोडून मातीवर, म्हणजे नडग्या धरत नाहीत. काल त्यातल्या एकाने पहिल्यांदा ५ मिनिटं २६ सेकंद काढली. घड्याळ दाखवलं तरी त्याचा विश्वास बसेना, परत पळून दाखवतो म्हणाला. मी त्याला दहा मिनिटं चालायला लावलं आणि त्याच्या बरोबर चाललो.