अक्काला व्हिडिओ दाखवला आणि ती भिंतीकडे वळली

प्रश्न : ताई नमस्कार, मी 41 वर्षांचा, सांगलीत असतो, गेली सहा वर्षं पळतोय, दोन-तीन हाफ मॅरेथॉन झाल्यात. माझ्या मोठ्या बहिणीला, आम्ही अक्का म्हणतो, ब्रेस्ट कॅन्सर आहे आणि तो आता हाडांत गेलाय. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की पूर्ण बरं होणार नाही, जेवढं कंट्रोलमध्ये ठेवता येईल तेवढं ठेवू. मागच्या महिन्यात मला इंग्लंडच्या जेन टॉमलिन्सनबद्दल एक व्हिडिओ सापडला, सेम आजार आणि बाई मॅरेथॉन पळतीये, आयर्नमॅन करतीये. मी रडलोच बघून. तसाच उठून अक्काकडे गेलो आणि तिला दाखवला. तिनं पूर्ण बघितला, मग म्हणाली, "म्हणजे मी आळशी आहे होय?" आणि भिंतीकडे तोंड करून पडली. तेव्हापासून माझ्याशी तुटक बोलते. जानेवारीत मुंबईची हाफ आहे, अक्काच्या नावाचा टीशर्ट घालून पळायचं ठरवलं होतं, पण आता बूट घालायचीच इच्छा होत नाही. माझं काय चुकलं?
— एक भाऊ, सांगली

उत्तर : चुकलं थोडंसंच, पण जिथं चुकायला नको तिथं चुकलं बघा. व्हिडिओ तुम्हाला भिडला कारण तुम्ही पळणारे आहात, विसाव्या किलोमीटरला पोटऱ्यांत काय होतं याची तुम्हाला निदान कल्पना तरी आहे. अक्काला त्यात काय दिसलं असेल? तिच्याच आजाराची एक बाई, तिच्यापेक्षा भारी. आधीच घरात येणारा प्रत्येक जण "पॉझिटिव्ह राहा" म्हणून जातो, म्हणजे कॅन्सर आहे तो आहेच आणि वर हसतमुख राहायची ड्युटी पण तिचीच. त्यात सख्खा भाऊ मोबाईल घेऊन आला.

जेनची गोष्ट मात्र मला फार आवडते, फक्त ती तीन मिनिटांच्या व्हिडिओत मावत नाही. पहिला कॅन्सर झाला 1990 मध्ये, तेव्हा वय 26. उपचार झाले, संसार पुढे चालला, त्यातच शिकून ती रेडिओग्राफर झाली आणि लीड्सच्या हॉस्पिटलात लहान मुलांचे एक्स-रे काढायला लागली. 2000 मध्ये कळलं की आजार परत आलाय, हाडांपर्यंत पसरलाय, आणि हातात सहाएक महिने असतील. ज्या बाईचं काम दिवसभर दुसऱ्यांच्या हाडांचे फोटो काढायचं, तिला तिचा स्वतःचा रिपोर्ट कुणी गोड करून सांगायची सोयच नव्हती, मला नेहमी हे आठवलं की कसंतरी होतं. घरी नवरा आणि तीन मुलं, धाकटा तर अगदीच लहान.

आणि ती काही आधीपासूनची खेळाडू नव्हती बरं का. 2001 मध्ये बायकांची एक 5 किलोमीटरची चॅरिटी रन होती तिथून सुरुवात झाली. 2002 ला लंडन मॅरेथॉन, त्याच वर्षी ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ. 2004 च्या नोव्हेंबरात फ्लोरिडात फुल आयर्नमॅन, म्हणजे 3.8 किलोमीटर पोहायचं, 180 किलोमीटर सायकल आणि वर अख्खी मॅरेथॉन, सगळं 17 तासांच्या आत. 2006 ला सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कपर्यंत सायकल, नऊ आठवडे, साधारण 6,700 किलोमीटर, आणि ती राइड तिला इतकी जड गेली की आता यापुढे नाही हे तिनंच जाहीर केलं. 3 सप्टेंबर 2007 ला ती गेली, 43 वर्षांची होती. तोपर्यंत साडेसतरा लाख पौंडांच्या आसपास चॅरिटीसाठी जमले होते. सहा महिने सांगितले होते आणि सात वर्षं मिळाली, पण ती पळाली म्हणून मिळाली असं कृपया कुणाला सांगू नका, मधल्या काळात केमो चालूच होती आणि सगळ्यांची शरीरं काही सारखी रिॲक्ट होत नाहीत.

आता तुमच्यासाठी खास जो भाग आहे तो सांगते, व्हिडिओवाले हा सोडूनच देतात. 2003 मध्ये जेन ब्रिटनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलवर गेली आणि 2004 मध्ये रोमपासून घरी लीड्सपर्यंत, आणि ह्या दोन्ही वेळी सायकल टँडम होती, दोघांची, आणि तिच्याबरोबर बसला होता तिचा भाऊ ल्यूक. तुम्ही टँडम कधी चालवलीये का माहीत नाही, मी एकदाच चालवलीये, महाबळेश्वरला, आणि भांडण झालं होतं. तिची गंमत अशी की दोघांची पॅडल एकमेकांना जोडलेली असतात. पुढच्यानं पाय थांबवले की मागच्याचे पण थांबतात. एकाला दमून थांबायचंय आणि दुसरा म्हणतोय चल ना गं अजून पाच किलोमीटर, असं चालतच नाही तिथं. आणि ती राइड जेनची होती, भावाची नाही.

तर अक्काकडे जा, आणि ह्या वेळी मोबाईल खिशात ठेवा. सॉरी म्हणा, लांबड लावू नका. आणि विचारा, अक्का तुला काय करावंसं वाटतंय? उत्तर लगेच येणार नाही, किंवा "काही नाही" असं येईल, तेही चालेल, दोन दिवसांनी परत जा. माझ्या मावशीला शेवटच्या वर्षात आम्ही सगळे काय काय सुचवत होतो, हास्ययोग काय, ध्यानाचं ॲप काय, तिला काय पाहिजे होतं तर भाजणी. म्हणजे खायची नाही, दळायची. स्वतः गिरणीत उभं राहून. आम्ही म्हणायचो अगं आणून देतो ना, विकत मिळते की. शेवटी मामेभावानं एक दिवस रिक्षा बोलावली, खुर्ची बरोबर घेतली, डब्यासकट तिला गिरणीत नेऊन बसवलं आणि तिनं अर्धा तास त्या गिरणीवाल्याला झापलं की जाड येतंय, परत टाक. घरी येऊन चार तास झोपली. भाजणी खरंच मस्त झाली होती.

टीशर्टचं म्हणाल तर तिला विचारा, नाव पाठीवर छापलेलं तिला आवडेल का. नाही म्हणाली तर साधा टीशर्ट घाला. पण पळायला जाच. तुम्ही घरी बसलात तर तिच्या डोक्यावर अजून एक ओझं, की माझ्यामुळं ह्याचं पळणं सुटलं. जेनमुळं तुम्हाला रडू आलं ना, मग ती तुमची, तुम्ही खुशाल तिला आठवून कृष्णेकाठी पहाटे पाचला पळा, त्यात चोरी कसली.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना चौथ्या स्टेजचा कॅन्सर आहे, पण ते म्हणतात मला रोज फिरायला जायचंय, जमलं तर सायकल पण चालवायचीये. सासूबाई म्हणतात आराम कर, अंगात ताकद राहणार नाही. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मिस्टरांचं, पण आधी डॉक्टरांना विचारून. पूर्वी खरंच पडून राहा सांगायचे, सासूबाईंचं काही चूक नाही, त्यांच्या काळात तोच सल्ला होता. आता बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय की झेपेल एवढी हालचाल ठेवली तर ट्रीटमेंटमधला थकवा कमी होतो, झोप बरी लागते, मूड पण. 2019 मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं दिलेल्या शिफारशीत साधारण आठवड्यातून तीनदा अर्धा तास मध्यम व्यायाम असं माप आहे, पण ते टार्गेट म्हणून भिंतीवर चिकटवू नका. पाच मिनिटं गॅलरीत चकरा मारल्या तरी त्या मोजा.

विचारायचं काय तर एक, आजार हाडात आहे का, असेल तर कुठल्या, कारण मणका किंवा मांडीचं हाड कमकुवत झालं असेल तर सायकलवरून नुसतं घसरणं पण महागात पडतं, अशा वेळी घरात स्टँडवर लावलेली सायकल बरी. दुसरं हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट, केमोनंतर ते खाली जातात, त्या दिवसांत जोर करायचा नाही. ताप असेल, छातीत दुखत असेल, दम लागत असेल, नवीनच कुठं हाड दुखायला लागलं असेल तर त्या दिवशी व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. शक्यतो फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून घ्या.

आणि व्हॉट्सअपवर एक फॉरवर्ड फिरतंय की व्यायामानं कॅन्सर परत येत नाही म्हणे. त्यामागं 2025 मध्ये आलेला एक खरा चांगला अभ्यास आहे, 889 पेशंट होते, पण ते मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे, ऑपरेशन आणि केमो पूर्ण झालेले, आजार लांब पसरलेला नाही असे. तुमच्या मिस्टरांना तो जसाच्या तसा लागू होत नाही, त्यामुळं त्या आशेवर त्यांना पळवू नका. त्यांना फिरावंसं वाटतंय एवढं कारण पुरे आहे.

आणखी एक, पॅलिएटिव्ह केअर म्हटलं की लोक घाबरतात, आता संपलंच म्हणून. तसं नाहीये. दुखणं, मळमळ, झोप हे सांभाळणारे डॉक्टर ते, आणि ट्रीटमेंट चालू असताना पण त्यांच्याकडे जाता येतं. पुण्यात वारज्याला सिप्ला ह्या औषध कंपनीचं असं केंद्र 1997 पासून आहे, तिथं पैसे घेत नाहीत. दुखणं आवाक्यात असलं तरच माणूस चप्पल घालून बाहेर पडेल ना, आणि सासूबाईंना पण बरोबर पाठवा, कोपऱ्यापर्यंत का होईना.

प्रश्न : गोव्याच्या आयर्नमॅन 70.3 ला, म्हणजे अर्ध्या आयर्नमॅनला, एक जण फिनिश लाइनवर चक्क आडवा होऊन लोळत गेला. मला वाटलं चक्कर आली, तर उठून हसत होता. हा काय प्रकार आहे?
— ठाण्याचा एक रनर

उत्तर : चक्कर नाही, ती एका माणसाची आठवण असणार. अमेरिकेतला जॉन ब्लेस, शिक्षक होता आणि ट्रायथलीट. मे 2005 मध्ये त्याला एएलएस असल्याचं कळलं, ह्यात स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत जातात, बहुतेकदा आधी हात-पाय, मग गिळणं, मग श्वास, आणि बरं करणारं औषध नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो हवाईच्या आयर्नमॅनला उतरला. लोळवत न्यावं लागलं तरी फिनिश करणार असं तो आधी म्हणून बसला होता, आणि 16 तास 28 मिनिटांनी लाइनवर पोचला तेव्हा खरंच आडवा होऊन लोळत पलीकडे गेला. 17 तासांचं कटऑफ असतं, तेवढ्या वेळात पोचायचं, म्हणजे हा अर्धा तास हातात ठेवून. पुढच्या वर्षी तो परत हवाईला आला पण व्हीलचेअरवर, बघायला. मे 2007 मध्ये गेला, 35 वर्षांचा. तेव्हापासून बरेच जण त्याच्यासाठी लोळतात, प्रोफेशनल सुद्धा.

तुम्हाला पण पुढच्या वर्षी लोळायचं असेल तर खुशाल लोळा, फक्त आधी मागं वळून बघा, 21 किलोमीटर पळून आलेला माणूस तुमच्यावर अडखळून पडला तर तो काय बोलेल ते आम्हाला छापता येणार नाही.